विटलेला किरमिजी रंग

दुकानांतील दिव्याच्या उजेडांत पसंत केलेलें लुगडें घरीं आणून उन्हांत उलगडलें, कीं तें निराळेंच दिसूं लागतें, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं बहुतेक कुटुंबांस आला असेल. दुकानदारानें फसविलें म्हणून आपण त्यास बोल लावतों. परंतु त्या बिचाऱ्याचा त्यांत अपराध असतोच असें नाहीं. वस्त्र तेंच, पाहणारे डोळेहि तेच. बदलला तो प्रकाश. तेंच लुगडें पांच-सात वर्षें वापरून व उन्हांत वाळवून विटलें, म्हणजे प्रकाश आणि डोळा हे पूर्वीचेच असून वस्त्र बदललेलें असतें. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजीबाई जेव्हां सांगतात, कीं इतके दिवस पिवळट वाटणारें पातळ आतां पांढरें शुभ्र दिसूं लागलें, तेव्हां वस्त्र व प्रकाश जागच्या जागीं राहून डोळाच पालटलेला असतो. येणेंप्रमाणें रंग म्हणून ज्यास आपण वस्तूचा गुण समजतों, तो वस्तु, प्रकाश आणि डोळा या तिघांच्या भागीदारींतून उत्पन्न होतो. आणि तिघांपैकीं एकानें जरी आपला शब्द फिरविला तरी सगळा व्यवहार मोडतो.

या निबंधांत ज्या चित्रांची हकीकत सांगावयाची आहे, तीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मालकीचीं आहेत. त्यांत मनुष्य नाहीं, वृक्ष नाहीं, नदी नाहीं. आहे तो केवळ रंग, आणि नेमका तोच पंधरा वर्षांच्या आंत उडून गेला. रंग हेंच ज्याचें सर्वस्व, त्याचा रंग गेल्यावर तें चित्र उरलें असें म्हणावें काय? आणि परत मिळवावयाचें झाल्यास तें कोणत्या मार्गानें मिळवावें? या प्रश्नाचें जें उत्तर २०१४ सालीं देण्यांत आलें, तें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. परंतु तें नीट समजावयाचें तर चित्रकार शास्त्रज्ञांच्या शिकवणीला कसे लागले, तेथून आरंभ केला पाहिजे.

पॅरिस येथें गोबलें नांवाचा, भिंतीवर लावावयाचे चित्रमय पडदे विणण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. तेथील रंगशाळेच्या प्रमुखपदीं १८२४ सालीं शेव्रल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. कारखान्यांतील कांहीं रंगांविषयीं तक्रारी होत्या. त्यांपैकीं एक अशी, कीं निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छाया दाखविण्यासाठीं वापरलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्रलनें तो धागा दुसऱ्या ठिकाणच्या उत्तम काळ्या धाग्यांशीं ताडून पाहिला, तों त्यांत कांहींच उणें आढळलें नाहीं. दोष रंगाच्या कढईंत नव्हता, शेजारांत होता. निळ्या-जांभळ्या रंगाशेजारीं ठेवलेल्या काळ्यावर डोळा त्या रंगाच्या विरोधी छटेची झांक आपण होऊन चढवितो, व त्यामुळें काळ्याचें तेज मरतें. दोन रंग एकाच वेळीं शेजारीं शेजारीं पाहिले असतां ते एकमेकांस पालटतात, हा नियम शेव्रलनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत सविस्तर मांडला. हिरव्या लुगड्याला तांबडा कांठ कां खुलतो, हें आपल्याकडील विणकरांस ग्रंथावांचून ठाऊक होतें. तथापि ठाऊक असणें आणि नियम सांगतां येणें यांत अंतर आहे. शेव्रल १०२ वर्षांचा होऊन १८८९ सालीं वारला. चित्रकार आपल्या नियमाच्या नादीं लागलेले पाहण्याइतकें आयुष्य त्यास लाभलें होतें.

त्या नादीं लागलेल्यांत जॉर्ज सराचें नांव पहिलें घ्यावें लागेल. रंग पाटीवर कालवून चित्रास लावण्यापेक्षां शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारीं शेजारीं मांडावे, म्हणजे ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच मिसळून अधिक तेजस्वी होतील, अशी त्याची कल्पना होती. या पद्धतीचें त्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवार’ हें त्यानें १८८४ ते १८८६ या काळांत रंगविलें. तें सध्यां शिकागोच्या कलासंस्थेंत आहे. डोळ्याच्या शास्त्राविषयीं एवढी सावधगिरी घेणाऱ्या या चित्रकारास रंगद्रव्याच्या शास्त्रानें मात्र दगा दिला. उन्हाचे कवडसे दाखविण्यासाठीं त्यानें जो जस्ताचा पिवळा रंग वापरला, तो लवकरच तपकिरी पडूं लागला. त्याच्या मिश्रणानें सिद्ध झालेले नारिंगी व हिरवे ठिपकेहि मळकट झाले. सरा १८९१ सालीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारला. आणि चित्राचें तेज गेल्याची खंत त्याच्या मंडळींतील लोकांनीं १८९२ सालींच लिहून ठेविली आहे. डोळ्याशीं केलेला करार उत्तम होता. पण जस्ताशीं करार करावयाचा राहून गेला होता.

तरीहि सराच्या चित्रांत नदी होती, छत्र्या घेतलेल्या स्त्रिया होत्या. पुढच्या पिढीनें त्यांसहि रजा दिली. रोबेर दलोने यानें १९१२ च्या सुमारास खिडक्यांचीं व नंतर रंगीत चक्रांचीं चित्रें काढलीं, तेव्हां शेव्रलच्या ग्रंथांतील ‘युगपत्’ हाच शब्द त्यानें आपल्या कलेचें बिरुद म्हणून घेतला. वासिली कांदिन्स्की हा रशियांत कायद्याचा अभ्यासक होता; तो व्यवसाय सोडून १८९६ सालीं तो चित्रकला शिकावयास म्युनिकला गेला. १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्यानें लिहिलें आहे, कीं परमाणु अभेद्य नाहीं हें कळल्याबरोबर आपणांस सर्व जगच कोसळल्यासारखें वाटलें, आणि घनरूप वस्तूंवरचा आपला विश्वास उडाला. शास्त्राचा निष्कर्ष त्यानें शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणानें घेतला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वस्तु जर इतकी पोकळ, तर चित्रानें तिची सेवा कां करावी, हा प्रश्न त्याच्यापुरता खरा होता. सारांश, एका शास्त्रानें डोळ्याचें माहात्म्य वाढविलें, दुसऱ्यानें वस्तूची प्रतिष्ठा घटविली, आणि या दोहोंच्या मधून अमूर्त चित्रकला वाट काढीत आली.

या स्वातंत्र्यासाठीं चित्रकारांनीं जी किंमत मोजली, तिची जाणीव त्या वेळीं फारशी कोणास नव्हती. आपल्या देवघरांतील रविवर्म्याच्या छापील चित्राकडे पाहावें. लक्ष्मीचें तांबडें लुगडें उडून गुलाबी झालें असेल, कमळें पांढरीं पडलीं असतील. तरी लक्ष्मी ती लक्ष्मीच. आजोबांचें तैलचित्र काळवंडलें म्हणून आजोबा ओळखूं येत नाहींत असें होत नाहीं. रेषा, आकृति व आपली आठवण मिळून रंगाची उणीव भरून काढतात. परंतु ज्या चित्रानें आकृति टाकिली, कथा टाकिली, छायाप्रकाशहि टाकिला, त्यानें आपली सगळी पुंजी एकाच पेढींत ठेविली, आणि ती पेढी सर्वांत नाजूक. रंग गेला कीं तेथें सांभाळून घेणारें दुसरें कोणी नाहीं.

आतां हार्वर्डच्या चित्रांकडे वळूं. मार्क रॉथको हा १९०३ सालीं त्या वेळच्या रशियन साम्राज्यांतील द्विन्स्क या गांवीं एका यहुदी कुटुंबांत जन्मला. तें गांव आज लाटव्हिया देशांत आहे. दहा वर्षांचा असतां तो अमेरिकेस गेला. पन्नाशीच्या आंतबाहेर त्यानें जी शैली सिद्ध केली, तींत मोठ्या कॅनव्हासवर एकावर एक पातळ थर देऊन केलेले, कडा पुसट असलेले रंगांचे चौकोन तेवढे दिसतात. रंगांच्या परस्परसंबंधाशीं आपणांस कर्तव्य नाहीं, मनुष्याच्या मूलभूत भावना व्यक्त करणें हेंच आपलें काम, असें तो सांगे. हें त्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या भावना वाहून नेण्यास त्याच्यापाशीं रंगाशिवाय दुसरें वाहन नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

हार्वर्डच्या होल्योक सेंटर या नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील भोजनगृहासाठीं त्यानें १९६२ सालीं सुमारें पावणेनऊ फूट उंचीचीं मोठीं चित्रें केलीं. त्यांपैकीं पांच १९६४ च्या आरंभीं तेथें लावण्यांत आलीं. गडद किरमिजी व जांभळ्या भूमीवर दारांच्या चौकटींसारखे भव्य आकार, एवढाच त्यांचा विषय. तीन चित्रांच्या काळोख्या समूहांत ख्रिस्ताच्या यातनांचा, आणि त्यांहून उजळ चित्रांत पुनरुत्थानाचा भाव आहे, असें त्यानें सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे काळोखाकडून उजेडाकडे जाणारी रंगांची जी पायरी त्यानें बसविली होती, तीच त्याची कथा होती.

ही खोली म्हणजे उंच कांचांची, शहराचा देखावा दाखविणारी. ऊन फार येतें हें रॉथकोच्या ध्यानांत आलें होतें, आणि पडदे ओढून ठेवण्याविषयीं त्यानें सुचविलेंहि होतें. परंतु जेवावयास आलेल्या मंडळींस चित्रांपेक्षां खिडकीबाहेरचा देखावा प्रिय असावा, यांत नवल नाहीं. पडदे उघडे राहिले. मेजवान्या झाल्या, खुर्च्यांचे धक्के लागले, अन्नाचे शिंतोडे उडाले. पण या सर्वांहून मोठा घात मुकाट्यानें चालला होता. किरमिजी छटेसाठीं रॉथकोनें लिथॉल रेड नांवाचें द्रव्य वापरलें होतें. हें १८९९ सालीं जर्मनींत शोधून काढलेलें कृत्रिम रंगद्रव्य असून, स्वस्त व झगझगीत म्हणून छापण्याच्या शाईंत त्याचा उपयोग फार. त्याचा दोष एकच, कीं तें उन्हापुढें टिकत नाहीं. हळदीनें रंगविलेलें फडकें उन्हांत टाकिलें असतां जें होतें, तेंच येथें झालें. प्रकाश गिळून रंग दाखविणारा जो रेणूचा भाग, तो प्रकाशाच्याच माऱ्यानें मोडतो. आणि एकदां मोडला म्हणजे रंग दाखविणारें कांहीं उरत नाहीं. मिश्रणांतील अल्ट्रामरीन निळा मात्र चिवट. तो मागें राहिला. त्यामुळें किरमिजी भूमि जागोजाग फिक्या निळ्या रंगाची झाली, आणि खिडकीपासूनच्या अंतराप्रमाणें प्रत्येक चित्र निरनिराळें विटलें. रॉथकोनें १९७० सालीं आपल्या हातानें जीवनाचा शेवट करून घेतला. १९७९ सालीं तीं चित्रें भिंतीवरून उतरवून कोठारांत ठेवण्यांत आलीं.

कोठारांत तीं बहुतेक काळ पडून राहिलीं. मध्यंतरीं १९८८ सालीं तीं एकवार लोकांस दाखविण्यांत आलीं, आणि विटण्याच्या कारणाचा शास्त्रीय शोधहि झाला. परंतु दुरुस्ती कोणी हातीं घेईना. यांतील अडचण समजून घेण्यासारखी आहे. जुन्या तैलचित्रावर रोगणाचा थर असतो. दुरुस्त करणारा त्या थरावर रंग देतो, आणि पुढें वाटल्यास रोगणासकट तो काढून टाकतां येतो. रॉथकोच्या या चित्रांवर रोगण नाहीं. त्यांवर नवा रंग चढविला तर तो कायमचा. आणि त्याखालीं चित्रकाराच्या हाताची प्रत्येक खूण गाडली जाणार. मग तें चित्र रॉथकोचें म्हणावयाचें कीं दुरुस्त करणाऱ्याचें?

हा पेंच सुटला तो आरंभीं सांगितलेल्या तीन भागीदारांची आठवण ठेवल्यामुळें. वस्तु बिघडली आहे व तिला हात लावणें पाप आहे. डोळा प्रत्येकाचा स्वतःचा. तेव्हां उरला प्रकाश. चित्र जसें आहे तसेंच ठेवून त्यावर पडणारा प्रकाशच असा घडवावा, कीं विटलेल्या भागावरून परतून येणारा किरण पूर्वीच्या रंगाचा होऊन डोळ्यांत शिरेल. हार्वर्डच्या संग्रहालयांतील चित्रसंरक्षक, मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंतील मंडळी व स्वित्झर्लंडांतील बाझेल विद्यापीठांतील तज्ज्ञ यांनीं मिळून हें कार्य केलें. पूर्वीचा रंग कोणता होता हें ठरविण्यास १९६४ सालीं घेतलेल्या रंगीत पारदर्शिका उपलब्ध होत्या. परंतु दैव असें, कीं त्यांचेहि रंग उडाले होते! प्रथम साक्षीदारासच बरें करावें लागलें. त्या पारदर्शिकांच्या उडालेल्या छटा गणितानें परत बसविल्या. आणि त्याच मालिकेसाठीं केलेलें, परंतु भिंतीवर न लागल्यामुळें न विटलेलें एक सहावें चित्र रॉथकोच्या मुलांच्या संग्रहांत होतें, त्याशीं ताडून तें गणित तपासलें. मग आजच्या चित्राचा प्रत्येक कण कॅमेऱ्यानें मोजून, मूळ व आज यांतील अंतर काढून, तेवढें अंतर भरून काढणारा प्रकाश वीस लाखांहून अधिक ठिपक्यांच्या प्रक्षेपकानें त्या त्या कणावर टाकण्यांत आला. जेथें निळा फार उरला होता तेथें निळा किरण कमी, तांबडा अधिक. जेथें चित्र शाबूत होतें तेथें जवळजवळ साधा प्रकाश. नोव्हेंबर २०१४ मध्यें प्रदर्शन उघडलें, तेव्हां पन्नास वर्षांपूर्वींचा किरमिजी रंग लोकांनीं त्याच कॅनव्हासवर पाहिला.

या प्रदर्शनांतील एका रिवाजाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतों. रोज दुपारीं चार वाजतां तो रंगीत प्रकाश बंद करीत. त्यासरशी समृद्ध किरमिजी मावळे आणि भिंतीवर राखी-निळीं, थकलेलीं चित्रें उरत. तो क्षण पाहण्यासाठीं लोक मुद्दाम थांबून राहत, असें सांगतात.

या उपायावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें वावगें नाहीं. ते म्हणतात, जें दिसतें तें चित्र नव्हे, चित्रावर पडलेलें दुसरें चित्र आहे. मनुष्यास जसें वार्धक्य तसें कलाकृतीसहि, तें झांकणें म्हणजे म्हातारीस नववधूचा शालू नेसविणें होय. आमचें मत असें आहे, कीं हा आक्षेप नव्या रंगाच्या लेपास जितका लागू पडतो, तितका या प्रकाशास पडत नाहीं. लेप खोटें बोलून गप्प बसतो. प्रकाश दुपारीं चार वाजतां आपलें खोटें आपणच कबूल करतो. शिवाय उलट बाजूनें विचारावें: चित्र साध्या दिव्याखालीं दाखविलें तर तो दिवा तरी कोणता निष्पाप? प्रत्येक दिवा कांहीं किरण अधिक देतो, कांहीं उणे देतो. लुगड्याच्या दुकानांतील दिवाहि त्यांतलाच. प्रकाशावांचून रंग नाहीं, आणि निव्वळ तटस्थ प्रकाश कोठेंहि नाहीं. तेव्हां प्रश्न प्रकाश असावा कीं नसावा हा नसून, तो कोणाच्या हेतूस जुळवून घ्यावा एवढाच आहे. तो चित्रकाराच्या हेतूस जुळवून घेतला, आणि विटलेली वस्तु आहे तशी राखून ठेविली, तर कोणाचाहि अपराध झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

मात्र यांतून धडा घ्यावयाचा तो हाच, कीं डोळ्याच्या शास्त्राइतकाच द्रव्याच्या शास्त्राचा आदर चित्रकारानें केला पाहिजे. जोसेफ आल्बर्स हा जर्मनींतून अमेरिकेस आलेला चित्रशिक्षक या बाबतींत आदर्श म्हणावा लागेल. एकांत एक बसविलेल्या चौकोनांचीं हजाराहून अधिक चित्रें त्यानें १९५० पासून मरेपर्यंत केलीं; शेजार बदलला कीं रंग बदलतो, हें शेव्रलचेंच तत्त्व त्यांत शोधलेलें आहे, आणि १९६३ सालीं त्यावर त्यानें ग्रंथहि लिहिला. परंतु पुढच्या बाजूस डोळ्यांचे भास दाखविणारा हा मनुष्य चित्राच्या पाठीमागें, कोणत्या कारखान्याचा कोणता रंग वापरला, याची बारीक अक्षरांत नोंद करून ठेवी. पुढें भास, मागें हिशेब! ज्यास आपलें काम टिकावें असें वाटतें त्यानें असेंच करावें.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आपणांस दूर ठेवतां येण्यासारखा नाहीं. वासुदेव गायतोंडे हे १९२४ सालीं नागपुरास जन्मलेले, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतून १९४८ सालीं पदविका घेतलेले चित्रकार. रूळानें व सुरीनें एकावर एक थर देऊन, मध्येंच ते खरवडून, ज्यांत वस्तु नाहीं पण प्रकाश आहे अशीं चित्रें त्यांनीं केलीं; हार्वर्डचीं चित्रें भिंतीवर लागलीं त्याच १९६४ सालीं ते रॉकफेलर शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कला गेले. योगायोग असा, कीं २०१४ च्या हिवाळ्यांत एकीकडे रॉथकोचे विटलेले रंग प्रकाशानें परत आणलेले लोक पाहत होते, आणि त्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत २००१ सालीं निवर्तलेल्या गायतोंड्यांचें मोठें प्रदर्शन चाललें होतें. त्यांचीं कांहीं चित्रें मुंबईंत, होमी भाभांनीं सुरू केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहांत आहेत. ती संस्था कुलाब्यास अगदीं समुद्राकाठीं आहे. चार महिन्यांच्या पावसांत आपल्या कपाटांतील पुस्तकांस व भिंतीवरील तसबिरींस काय होतें, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला समुद्राच्या खाऱ्या दमट हवेंत रंगाचे पातळ थर जतन करणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

असो. पूर्वीं राजेलोक आपलीं चित्रें काढवून घेत तीं कालावर मात करण्यासाठीं. अमूर्त चित्रकारांनीं ती महत्त्वाकांक्षा सोडली, कथा सोडली, आणि डोळ्यांत क्षणभर उमटणाऱ्या रंगावर सर्व कांहीं उभारलें. तो रंग विटतो म्हणून त्यांनीं चूक केली असें आम्ही म्हणणार नाहीं. फुलें सुकतात म्हणून कोणी देवास वाहण्याचें सोडीत नाहीं. परंतु ज्यांच्या हातीं तीं चित्रें पुढें आलीं, त्यांच्यावर दुहेरी कर्तव्य पडतें: जें उडालें तें काय होतें याची शक्य तितकी खरी आठवण ठेवावी, आणि जें उरलें आहे तें काय आहे हें न लपवितां दाखवावें. हार्वर्डच्या त्या दालनांत चार वाजेपर्यंत पहिलें कर्तव्य पाळलें जात होतें, आणि चारनंतर दुसरें.